भासऱ्यांचा ड्रायव्हर

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, सव्वीस वर्षांत माझ्याशी एक वाक्यही सरळ बोलले नव्हते. भांडण नव्हतं, राग तर त्याहून नव्हता. माझ्या हातची भाकर त्यांना त्यांच्या बायकोच्या भाकरीपेक्षा आवडते, हे त्यांनी गावातल्या प्रत्येकाला सांगून ठेवलं आहे. फक्त मला सांगितलेलं नाही.

आमच्याकडची ती रीत आहे. भासऱ्यांनी धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही, ती बसते त्या खाटेवर बसायचं नाही. तिने त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. आता बऱ्याच घरांतून ही रीत सुटली आहे. आमच्या घरातून सुटली नाही, कारण पहिलं कोणी बोलायचं हेच कधी ठरलं नाही. आणि इतकी वर्षं गप्प राहिल्यावर पहिलं वाक्य तरी कोणतं बोलणार? "मीठ द्या"? निदान मला तरी एवढ्या मोठ्या प्रसंगाला मीठ कमी वाटायचं.

म्हणून आम्ही वस्तूंशी बोलायचो. त्यांना चहा हवा असला की ते अंगणातल्या कडुनिंबाला विचारायचे, "आज चहाचं काही होऊन राहिलं का घरात?" मी आतून पाण्याच्या माठाला सांगायची, "ठेवला म्हणावं, दूध फाटलं होतं म्हणून उशीर झाला." कडुनिंब आणि माठ यांनी आमच्या घरातले किती निरोप ऐकले असतील! एकदा तर आमचं अर्धा तास भांडणही झालं, बैलाच्या मार्फत. बैल बिचारा मान हलवून दोन्ही बाजू कबूल करत होता.

अशा माणसाने मला रेतीत जीप चालवायला शिकवायचं, असा योग यंदा आला.

आम्ही राहतो पांढुर्ण्याला. नवरा कचेरीत बाबू आहे, माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. भासरे आणि जाऊबाई सौंसरजवळ, बोरगावच्या बाजूला, संत्र्याच्या बागेत राहतात; आमचं येणं-जाणं सारखं तिथेच, तो कडुनिंब आणि माठही तिथलेच. आमची मुलं त्यांना मोठेबाबा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते, अर्थात पाठीमागे.

मोठेबाबा तरुणपणी ट्रक चालवायचे. इथली संत्री घेऊन दिल्लीला जायचे, कलकत्त्याला जायचे. मध्येच आठ महिने ते कच्छमध्ये होते. जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या लोकांची जीप चालवायला गेले होते. तिथे वाळवंटात त्यांनी एक दरी पाहिली. कोरड्या नदीने दगड कापून केलेली. "लाल, पिवळा, जांभळा," ते सांगायचे, "जसे दुकानात लुगडे घडी करून रचून ठेवतात न, तसे थरावर थर." मी कापडाच्या धंद्यातली बाई, मला हे वर्णन फार आवडायचं. दरीपर्यंत सडक नव्हती. नदीच्या कोरड्या पात्रातून, रेतीतून, मग दगडांच्या चढावरून जीप न्यावी लागायची. त्या दरीचं नाव मोठेबाबांना ठाऊक नव्हतं. जिथे ते लोक तंबू ठोकायचे त्या गावाचं नाव तेवढं आठवत होतं.

मागच्या पावसाळ्यात नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू सांगितला. समोरचं चांगलं दिसतं, बाजूचं दिसणं आकसत चाललं आहे. थेंब नेमाने घातले तर आहे ते टिकेल, पण गाडी चालवणं बंद. मोठेबाबा घरी आले, घरच्या जीपची किल्ली देव्हाऱ्यात ठेवली आणि त्या दिवसापासून दरीविषयी बोलू लागले.

"दिवसातून चार वेळा थेंब आन् आठ वेळा दरी," जाऊबाई फोनवर म्हणाल्या. "मी म्हणतो, एकदाचं दाखवून आणा ह्याईले. डोळे शाबूत हाय तोवर."

आता संत्रेवाल्याला वर्षात मोकळा वेळ कधी मिळतो, तर झाडांना ताण देतात तेव्हा. डिसेंबरात माल उतरला की बागेचं पाणी तोडतात. महिना-दीड महिना थेंब द्यायचा नाही. झाड तहानलं, पानं जरा मलूल झाली, की मग पाणी सोडायचं. मग झाड घाबरून फुलतं म्हणा, की आनंदाने म्हणा, पण असं फुलतं की सगळी वाडी वासाने भरून जाते. या ताणाच्या दिवसांत मालकाचं काम एकच, काही न करणं. मोठेबाबांना ते अजिबात जमत नाही. कच्छला जायचं तर याच दिवसांत. पाणी सोडायची वेळ आली की ते बाग सोडून हलणार नाहीत, आणि पुढच्या वर्षी डोळे काय म्हणतील ते डॉक्टरही सांगत नव्हते.

तर ताण सुरू झाला त्याच आठवड्यात बागेत बैठक भरली. बैठकीला आम्ही चौघं. माझ्या नवऱ्याने मोबाइलवर नकाशा उघडला. मुलताई, बैतूल, इंदूर, अहमदाबाद, भुज. जाऊबाईंनी खाण्याची यादी काढली. त्यात तीळगुळाचे लाडू, मुरमुऱ्याचा चिवडा, शेव, लोणच्याची बरणी, दोन कॅरेट संत्री आणि पाटा-वरवंटा.

"पाटा काहून?" नवऱ्याने विचारलं.

"वाळवंटात चटणी कशावर वाटू, तुमच्या डोक्यावर?"

ओंकारेश्वर जाता जाता होतं का, हेही त्यांनी विचारून घेतलं. मग मोठेबाबांनी तो प्रश्न विचारला जो सगळे टाळत होते. "जीप चालवणार कोण?"

सगळ्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. माझा नवरा गुणी माणूस आहे. पण गाडी सुरू झाली की त्याला झोप येते. एस.टी.त येते, रेल्वेत येते, पाळण्यात बसवला तरी येईल. चालवतानाही येते. लोधीखेड्याच्या अलीकडे त्याने एकदा मोटार सरळ तुरीच्या शेतात नेऊन उभी केली होती, आणि आम्ही ओरडलो तेव्हा म्हणाला, "आलं का घर?"

"भाड्याचा ड्रायव्हर घेऊ," तो म्हणाला.

"माह्या जीपले परका हात?" मोठेबाबा म्हणाले. विषय संपला.

आणि तेव्हा जाऊबाई लाडवाचा डबा बंद करत अगदी सहज म्हणाल्या, "ही चालवते न."

ही म्हणजे मी. मी पदर नीट केला, उठले, पर्समधून लायसन काढलं आणि पाटावर ठेवलं. ठेवताना जरा थांबले. अशा वेळी थांबावं, मजा येते. नवऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याला मी सांगितलं होतं की रोज सकाळी भरतकामाचे नवे नमुने शिकायला जाते. जात होते मोटार ड्रायव्हिंगच्या क्लासला. शिकवणारे म्हणाले होते, बाई, तुमचा पाय फार हलका आहे. हलका असणारच. वीस वर्षं शिलाई मशीनच्या मोटारचं पायडल दाबते आहे. जरा जास्त दाबलं तर गिऱ्हाइकाच्या साडीवरून सुई धावत सुटते.

"कधीपासून व?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही झोपले होते तेव्हापासून," मी म्हटलं.

मोठेबाबा लायसनकडे बराच वेळ पाहत होते. मग ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "त्याईले सांग, सडकेवर चालवणं येगळं, रेतीत येगळं. येत्या इतवारी रामाकोन्याजवळ कन्हानच्या पात्रात पाहू. जमलं त जाऊ. नाही जमलं त या घरात दरीचं नाव काढायचं नाही."

मी माठाला सांगितलं, "येतो म्हणावं."

रविवारी आम्ही नदीवर गेलो. कन्हानचं पाणी एका कडेला गेलं होतं, बाकी सगळी रेती उघडी. मोठेबाबांनी चारही चाकांतली हवा कमी केली, अंगठ्याने दाबून पाहत. टायर जरा पसरला की रेतीवर तरंगतो, असं ते नवऱ्याला समजावत होते, माझ्या ऐकण्यासाठी. मग अडचण आली. जीपचं पुढचं बाकडं सलग एकच. त्यावर मी बसले म्हणजे मोठेबाबा बसू शकत नाहीत. ते मागे बसले तर थोरल्या माणसाकडे माझी पाठ. म्हणून ठरलं असं, की ते वीस पावलांवर रेतीत उभे राहून सांगतील, नवरा माझ्याशेजारी बसेल आणि ऐकलेलं मला सांगेल. चौघांपैकी एकालाही यात काही चुकीचं दिसलं नाही. आमच्या घरात सगळं असंच तर चालतं!

मी जीप सोडली. पहिले पन्नास हात राणीसारखी गेले. मग मोठेबाबा ओरडले. नवऱ्याने मान बाहेर काढली, "काय म्हणता दादा?" ते पुन्हा ओरडले. नवरा आत आला आणि म्हणाला, "दादा म्हणून राहिले, समोर रेती मऊ हाय, गॅस दे." मी गॅस दिला. पण मऊ रेती मागे गेली होती, आता गोटे होते. जीप बकरीसारखी उडाली. तोवर दुसरी सूचना आली, की गोट्यांवर हळू. मी हळू केलं, आणि तेव्हा आम्ही पुन्हा रेतीत होतो. सगळा वेळ मी थोड्या वेळापूर्वीच्या रेतीवर गाडी चालवत होते.

जीप बसली. नवऱ्याने शिळी सूचना दिली, "गॅस दे, गॅस दे!" तिकडे मोठेबाबा दोन्ही हात हलवत ओरडत होते की गॅस सोड. मी गॅस देत होते आणि चाकं स्वतःची कबर खणत होती. थांबले तेव्हा खालची दांडी रेतीला टेकली होती.

मला ते समोरून स्पष्ट दिसत होते. त्यांचे ओठ दिसत होते. ते जे बोलत होते ते मला अर्धं कळतही होतं. पण ते नवऱ्याकडे पाहत होते, आणि मीही नवऱ्याकडे पाहत होते.

काठावरून ट्रॅक्टर आणावा लागला. जाऊबाई रेतीवर सतरंजी टाकून संत्री सोलत होत्या. म्हणाल्या, "वाळवंटात ट्रॅक्टर कोण आणून देईन व?" कोणी हसलं नाही. मोठेबाबांनी चाकांवरची रेती झटकली आणि आमच्यापैकी कोणाकडेही न पाहता म्हणाले, "राहू द्या."

घरी येताना जीप जाऊबाईंच्या ओळखीच्या माणसाने चालवली. मी मागे बसले. परका हात चालला, मी चालले नाही, हे मला त्या दिवशी फार लागलं.

आठवडाभर जाऊबाईंचा फोन आला की मी एकच विचारत होते. काय म्हणतात? "काही नाही म्हणत," त्या सांगायच्या. "दरीचं नाव काढत नाही. थेंबाचीही मीच आठवण करून राहिली." शुक्रवारी म्हणाल्या, "कॅलेंडरच्या मागच्या बाजूले काही काढत बसले होते. मी गेली त उलटं करून ठेवलं."

मी दुकानात एका लग्नघराच्या अकरा साड्यांना फॉल लावत बसले होते. पायडल दाबत, सोडत. मनात म्हटलं, पाय माझा बरोबर आहे. कान दूर आहे, एवढंच. भासऱ्यांनी भावाच्या बायकोशी बोलायचं नाही. ठीक. मग त्यांनी बोलावं अशी मी दुसरी कोण होऊ शकते?

रविवारी सकाळी बागेच्या फाटकातून मी आत शिरले तेव्हा साडीवर नवऱ्याचा खाकी शर्ट होता, बाह्या कोपरापर्यंत वर. पदर डोक्यावर होता, आणि पदरावरून गमछा बांधलेला, ट्रकवाले बांधतात तसा. खांद्यावर गाडी पुसायचं फडकं. नवरा माझ्या पंधरा पावलं मागे चालत होता, आमची ओळख नसल्यासारखा. मोठेबाबा खाटेवर बसले होते. मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले. कडुनिंबाकडे पाहिलं नाही, माठाकडे पाहिलं नाही. मोठ्याने म्हटलं, "मालक, ड्रायव्हर आला आहे. गाडी काढू का?"

जाऊबाई चुलीजवळून उठून दारात आल्या. मोठेबाबा माझ्याकडे पाहत राहिले. वाटलं, आता हा माणूस उठून आत जाईल आणि पुढची सव्वीस वर्षं कडुनिंबाशीही बोलणार नाही.

ते उठले. घड्याळ पाहिलं.

"काय ड्रायव्हर," ते म्हणाले, "टाइम पाह्यला का? गाडी सातले निघते. सव्वासात झाले. पुन्हा उशीर केला त दुसरा ड्रायव्हर पाहीन."

चुलीवर चहा उतू गेला. त्याचा वास सगळ्या अंगणात.

"हे कोणाशी बोलून राहिले?" जाऊबाईंनी विचारलं.

"ड्रायव्हरशी. काचबिंदू मले हाय का तुले?"

आणि ते गेले आणि जीपच्या पुढच्या बाकड्यावर, ड्रायव्हरच्या शेजारी, ऐसपैस बसले. ट्रकमालक तिथेच बसतो. जाऊबाई आणि नवरा मागे.

माझ्या भासऱ्यांनी सव्वीस वर्षांचं साठवलेलं त्या दिवशी काढलं. काय बोलले, काय बोलले! ट्रकवाल्यांची सगळी भाषा, वाईट शब्द तेवढे वगळून, आणि वगळताना दर वेळी अडखळत. "स्टेरिंग काहून आवळून राहिला, म्हशीची दोरी हाय का ते? सैल धर. समोर पाह्य, चाकाकडे नको पाहू. पाय हाय का खुंटा?"

"पायच आहे मालक," मी म्हटलं, "तुमच्या क्लचचा खुंटा झाला आहे."

मागून जाऊबाईंचा श्वास ऐकू आला. मग मोठेबाबा हसले. मला वाटतं त्यांच्या तेव्हा लक्षात आलं की भावाच्या बायकोशी बोलता येत नाही, तसं तिच्याशी भांडताही येत नाही, पण ड्रायव्हरशी दोन्ही करता येतं.

नदीत मी पुन्हा एकदा फसले. पण या वेळी आवाज कानाशी होता. "गॅस सोड. आता उलटा. आपल्याच चाकोरीतून मागे ये. हळू, साडीवर सुई नेल्यासारखी." हे त्यांना कोणी सांगितलं होतं? जाऊबाईंनी, दुसरं कोण. जीप मागे आली, जराशी डुलली आणि बाहेर पडली. ट्रॅक्टर लागला नाही. मग आम्ही पात्राच्या वरच्या अंगाला गेलो, जिथे दोन्हीकडे खडक आहेत आणि मधून जेमतेम जीप जाते.

तिथे मोठेबाबांनी आवाज खाली आणला. मागच्या दोघांना ऐकू जाऊ नये इतका.

"ड्रायव्हर, डाव्या बाजूले काय हाय ते सांगत जा. मले तिकडचं काहीच दिसत नाही."

काहीच, असं ते म्हणाले. घरात सगळ्यांना त्यांनी 'थोडं कमी' सांगितलं होतं. ते माझ्या डावीकडे बसले होते आणि त्यांच्याही डावीकडे खडक हातभर अंतरावरून सरकत होता, त्यांना न दिसता. मी सांगू लागले. "खडक आहे मालक, काळा. खांद्याएवढा. आता कमी झाला. आता झुडूप. दगडावर एक बगळा बसला आहे, आपल्याला पाहून हलतही नाही." ते मान वळवून बगळा शोधू लागले. मी गाडी थांबवली. सापडला त्यांना. जरा मान जास्त वळवावी लागली, इतकंच. "असा मान फिरवून पाह्यला त दिसते," ते म्हणाले, जणू नवीन युक्ती हाती लागली.

शेवटी काठाचा चढ होता. मी तिरपा घ्यायला गेले, कारण बैलगाडी तशीच चढते. "सरळ!" ते म्हणाले. "तिरपी घेतली त पलटी होईन. नाक आभाळाकडे कर आन् विश्वास ठेव." मी नाक आभाळाकडे केलं. काही क्षण समोर नुसतं निळं होतं. मागे पाट्यासारखं काहीतरी धडाधडा आपटलं, तो माझा नवरा होता, झोपेतून उठलेला. आणि मग चारही चाकं काठावर होती आणि समोर कोणाची तरी कपाशी.

दुपारी बागेत परत आलो. जाऊबाईंनी पानं मांडली, पुरुषांची दोन, नेहमीसारखी. मी गमछा सोडला, शर्ट काढून दोरीवर टाकला, पदर घेतला आणि वाढायला आत निघाले. नाटक संपलं की माणसाने कपडे बदलावेत.

"आधी ड्रायव्हरले वाढ," मोठेबाबा म्हणाले.

जाऊबाई थांबल्या. मीही थांबले.

"ट्रकचा कायदा हाय," ते पुढे म्हणाले. ते भाताकडे पाहून बोलत होते, पण कडुनिंबाकडे नक्कीच नाही. "ड्रायव्हर जेवल्याशिवाय मालक जेवत नाही. उपाशी ड्रायव्हर गाडी नालीत नेते."

मी त्यांच्या समोरच्या पानावर बसले. शर्ट दोरीवर होता. त्यांनी शर्ट मागितला नाही, मीही आणला नाही. पहिला घास घेतला तो वांग्याच्या भाजीचा, आणि मीठ खरंच कमी होतं, आणि मी ते बोलले नाही.

जेवणं झाल्यावर त्यांनी कॅलेंडर आणलं. मागे दरी काढलेली होती. नदीचं पात्र, तंबूचं गाव, एक वाकडं झाड, चढाची जागा. थर दाखवायला त्यांनी रेघा मारल्या होत्या आणि रंग नव्हते म्हणून प्रत्येक रेघेवर नाव लिहिलं होतं. लाल. पिवळा. जांभळा. पुन्हा लाल. नवऱ्याने मोबाइलवरचा नकाशा त्याच्या शेजारी ठेवला. तंबूचं गाव सापडलं. त्याच्या पुढे नकाशात नुसता बिस्किटासारखा रंग, सडक नाही, नाव नाही. मोठेबाबांनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथं," ते म्हणाले.

मग कॅलेंडर उलटं केलं, जानेवारीचं पान माझ्याकडे सरकवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बोल ड्रायव्हर. कधी निघायचं?"

बागेला पाणी सोडायला तीन आठवडे होते. जायला-यायला दहा-बारा दिवस. मी बोटांवर दिवस मोजले, उगाचच सावकाश मोजले.

"येत्या मंगळवारी," मी म्हटलं. "पहाटे पाचला गाडी फाटकात लागेल. सव्वापाच झाले तर मी दुसरा मालक पाहीन."

"पाह्य, पाह्य," मोठेबाबा जाऊबाईंना म्हणाले, "एका दिवसात माज चढला ह्याले," आणि थेंबाची बाटली मागितली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी ती स्वतः मागितली.

उद्या मंगळवार आहे. दुकानाला मी पाटी लावली आहे, साड्या पंधरा दिवसांनी मिळतील. पाटा-वरवंटा जीपमध्ये चढला आहे, माझा विरोध असूनही.